खुर्च्या बसवण्याआधी पायऱ्या मोजा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : जिल्ह्याच्या ठिकाणी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे फुटबॉलचे मैदान आहे, तीन बाजूंना काँक्रीटच्या उघड्या पायऱ्या आहेत, मोठ्या सामन्याला दहा हजारांच्या आसपास लोक येतात, आणि मंजूर झालेल्या निधीतून सर्वत्र प्लास्टिकच्या खोलगट, म्हणजे बकेट, खुर्च्या बसवाव्यात की एका बाजूला छत घालावे, यावर समितीत एकमत होत नाही. हे मैदान फक्त फुटबॉलचे आहे की भोवती धावण्याची धावपट्टीही आहे, हे आपण लिहिलेले नाही. त्यावर बरेच काही अवलंबून असल्यामुळे मी दोन्ही शक्यता धरून उत्तर देतो.

माझे मत आधीच सांगतो. या दोन्हींपैकी कोणतेही काम पहिले नाही. प्रेक्षक घरातून निघाल्यापासून परत जाईपर्यंत साधारण तीन-साडेतीन तास मैदानाच्या हवाली असतो, आणि त्या वेळात त्याला त्रास होतो तो प्रामुख्याने चार गोष्टींचा : समोरच्याच्या डोक्यामुळे चेंडू दिसत नाही, ऊन सोसवत नाही, मध्यंतरात स्वच्छतागृहापर्यंत पोहोचता येत नाही, आणि सामना सुटल्यावर फाटकात जीव गुदमरतो. खुर्ची यातल्या एकाही त्रासावर उपाय नाही. घाईने बसवलेली खुर्ची तर पहिल्या आणि चौथ्या त्रासात भरच घालते. खुर्च्यांची छायाचित्रे उद्घाटनाच्या दिवशी उठून दिसतात आणि जिन्याच्या वाढवलेल्या रुंदीचे छायाचित्र कोणी काढत नाही, म्हणून निधी खुर्च्यांकडे वळतो, एवढाच याचा अर्थ.

दिसण्यापासून सुरुवात करू. आपल्या मागे बसलेल्या माणसाची नजर आपल्या डोक्यावरून जाऊन मैदानाच्या जवळच्या बाजूच्या रेषेवर, म्हणजे टचलाइनवर, पोहोचली पाहिजे. ती आपल्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा किती वरून जाते, त्या अंतराला आमच्या धंद्यात सी-मूल्य म्हणतात. ९० मिलिमीटर मिळाले तर उत्तम समजतात. ६० मिलिमीटरवर माणूस मान थोडी तिरकी करून सामना पाहू शकतो. त्याखाली गेले की तो उभा राहतो, आणि एक उभा राहिला की त्याच्या मागच्या सगळ्या ओळींना उभे राहावे लागते. गणित अवघड नाही. पुढच्या प्रेक्षकाच्या डोळ्यांची टचलाइनपासूनची उंची आणि एका पायरीची उंची यांची बेरीज घ्यावी, तिला त्या प्रेक्षकाच्या टचलाइनपर्यंतच्या आडव्या अंतराने गुणावे, हेच अंतर अधिक एका पायरीची खोली यांनी भागावे, आणि आलेल्या आकड्यातून पुढच्या प्रेक्षकाच्या डोळ्यांची उंची वजा करावी.

आता हेच आपल्याकडच्या नेहमीच्या पायऱ्यांना लावून पाहू. पहिली ओळ टचलाइनपासून ८ मीटरवर आहे, त्या ओळीतल्या माणसाचे डोळे मैदानापासून २ मीटर उंचीवर आहेत, प्रत्येक पायरी ३०० मिलिमीटर उंच आणि ७५० मिलिमीटर खोल आहे, असे धरा. दुसऱ्या ओळीतल्या माणसाला सी-मूल्य १०३ मिलिमीटर मिळते, म्हणजे त्याची तक्रार असण्याचे कारण नाही. अकराव्या ओळीत ते ५८ वर येते. एकविसाव्या ओळीत जेमतेम ३९ उरते. पायरी सगळीकडे सारखीच आहे, बांधकामात काही चूक नाही, तरीही वर जाल तसे दिसणे बिघडत जाते, कारण वरून पाहणाऱ्याची नजर उतरत्या कोनात असते आणि पुढच्याचे डोके तिच्या आड येते. म्हणून चांगल्या मैदानात पायऱ्यांची उंची वरच्या दिशेने हळूहळू वाढवत नेतात आणि उभ्या छेदात स्टँड किंचित बाकदार दिसतो. वरच्या उदाहरणात त्या एकविसाव्या ओळीपुरते पाहिले तर ९० मिलिमीटर मिळवायला पायरी सुमारे ३५० मिलिमीटर उंच लागते, म्हणजे फरक सगळा पाच सेंटिमीटरांचा आहे. हे पाच सेंटिमीटर बांधताना फुकट मिळतात. बांधून झाल्यावर त्यांच्यासाठी संपूर्ण वरचा भाग फोडावा लागतो.

जुन्या स्टँडमध्ये एवढी तोडफोड परवडत नाही, हे मान्य आहे. तेव्हा तिथे उलट बाजूने विचार करावा लागतो. पहिल्या दोन-तीन ओळी काढून टाकल्या तर खालच्या प्रेक्षकांच्या आणि मैदानाच्या मधले जाहिरातींचे फलक व कुंपण यांचा अडथळा बराच कमी होतो. आपल्याकडे तारेच्या जाळीचे अडीच-तीन मीटर उंच कुंपण पहिल्या ओळीच्या अगदी नाकासमोर असते आणि पहिल्या पाच-सहा ओळींतला माणूस संपूर्ण सामना त्या जाळीच्या चौकटीतून पाहतो. हे कुंपण मागे ओढता येत नसेल तर त्याची उंची कमी करण्याचा विचार पोलिसांशी बसून करावा, आणि ज्या कुंपणाला आणीबाणीत मैदानाकडे उघडणारी दारे नाहीत ते कुंपण तर एक दिवसही ठेवू नये. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर कुंपणाशी चिरडून झालेल्या दुर्घटनेत ९७ जणांचा जीव गेला, आणि त्यानंतर जानेवारी १९९० मध्ये आलेल्या न्यायमूर्ती टेलर यांच्या अंतिम चौकशी अहवालाने इंग्लंडमधल्या मैदानांची सगळी रचनाच बदलली, हे आपल्या समितीतल्या फुटबॉलप्रेमींना ठाऊक असेलच.

धावपट्टी असेल तर प्रश्न आणखी वेगळा होतो, आणि इथे आकडेच बोलतात. ४०० मीटरच्या आठ मार्गिकांच्या धावपट्टीची बाहेरची लांबी सुमारे १७७ मीटर भरते. फुटबॉलचे मैदान १०५ मीटर लांब. म्हणजे दोन्ही गोलांच्या मागे पहिली ओळच गोलरेषेपासून किमान ३६ मीटरवर जाते, आणि तिथून समोरचा कोपरा जवळपास १४५ मीटरवर पडतो. चेंडू जेमतेम २२ सेंटिमीटर व्यासाचा. दूरच्या कोपऱ्यापासून १५० मीटरपर्यंत तो चांगला दिसतो आणि १९० मीटर ही शेवटची मर्यादा, असे मैदानांचे आराखडे करणारे मानतात. म्हणजे गोलामागच्या स्टँडच्या पहिल्या काही ओळींतच चांगले दिसण्याची हद्द संपली. बाजूच्या स्टँडचे तसे नाही, तिथे पहिली ओळ टचलाइनपासून बारा-तेरा मीटरवर येऊ शकते. म्हणून धावपट्टी असलेल्या संकुलात गोलामागच्या पायऱ्यांवर एक रुपयाही घालवू नका, असे मी स्पष्ट सांगतो. पैसे दोन्ही बाजूंवर लावा. पुण्याच्या बालेवाडीसारखे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभे राहिलेले संकुल किंवा क्रिकेटच्या गोलाकारात बांधलेले नवी मुंबईचे डी. वाय. पाटील स्टेडियम यांत फुटबॉल पाहताना चेंडू आपल्यापासून लांब आहे, असे वाटते ते याच भूमितीमुळे. नवी मुंबईच्या छताला एकही खांब आड येत नाही, ही त्या मैदानाची मोठी जमेची बाजू आहे, पण अंतरावर छताचा इलाज चालत नाही. इटलीतल्या तुरीनमध्ये १९९० च्या विश्वचषकासाठी धावपट्टीसह बांधलेले देल्ले आल्पी अखेर पाडले गेले आणि त्याच जागी २०११ मध्ये युव्हेंटस क्लबने सुमारे ४१ हजार आसनांचे, मैदानाला बिलगलेले स्टेडियम उभे केले. मॉस्कोच्या लुझ्निकीतली धावपट्टीही २०१८ च्या विश्वचषकाआधी काढून स्टँड पुढे आणले गेले. आपल्याला एवढी उडी मारायची नाही, परंतु ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी तो आधी कशावर खर्च केला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता उन्हाकडे वळू. हा विषय परदेशी मार्गदर्शिकांमध्ये आपल्या कामाचा मिळत नाही, कारण तिकडे छत पावसासाठी आणि थंड वाऱ्यासाठी असते. मैदानाचा लांब अक्ष उत्तर-दक्षिण असेल, तर एक स्टँड पश्चिमेला आणि एक पूर्वेला येतो. कोल्हापूर-पुण्याच्या अक्षांशावर एप्रिलच्या मध्यात दुपारी चार वाजता सूर्य जवळजवळ बरोबर पश्चिमेला, क्षितिजापासून सुमारे ४० अंशांवर असतो. पाच वाजता तो २५ अंशांवर आणि साडेपाचला १८ अंशांवर उतरतो. पश्चिमेच्या स्टँडमध्ये बसलेल्यांच्या तो पाठीशी असतो. तिथे छताची पुढची कड जमिनीपासून १२ मीटर उंच असेल आणि पाठीमागची बाजू बंद असेल, तर चार वाजता सावली त्या कडेच्याही पुढे १४ मीटर पडते. म्हणजे पश्चिमेचे छत सगळ्या ओळी झाकेल एवढे लांब करण्याची गरज नाही. अर्धे छत आणि चांगली पाठभिंत एवढ्यावर चारच्या सामन्याला संपूर्ण स्टँड सावलीत येतो. दुपारी दोनचा सामनाही नेहमी होत असेल, तर मात्र सूर्य ६८ अंशांच्या आसपास असतो आणि छत थोडे पुढे न्यावे लागते.

पूर्वेच्या स्टँडचे बरोबर उलटे आहे. तिथे ऊन समोरून, छताच्या कडेखालून आत शिरते. छताच्या कडेपासून १२ मीटर मागे आणि तिच्याखाली ६ मीटरवर बसलेल्या माणसाला जवळपास पाचपर्यंत सावली मिळते, पण कडेपासून ४ मीटर मागे आणि १२ मीटर खाली बसलेल्याला सामन्याचा पूर्ण वेळ डोळ्यांवर हात धरून बसावे लागते. कितीही खर्चाचे छत घाला, पूर्वेच्या खालच्या ओळींना संध्याकाळचे ऊन चुकत नाही. तेव्हा आपल्या समितीत ‘कोणत्या बाजूला छत’ यावर चर्चा चालू असेल, तर ती इथे थांबवायला हरकत नाही : पश्चिमेला. पूर्वेच्या लोकांसाठी उपाय छताचा नाही, तर वेळेचा आहे. सामना पंचेचाळीस मिनिटे उशिरा सुरू करणे आणि त्यासाठी दिवे लावणे हे पूर्वेच्या छतापेक्षा अनेकदा स्वस्त पडते.

छताबद्दल दोन गोष्टी विसरल्या जातात. पहिली वाऱ्याची. एप्रिल-मे मधला वळीव अर्ध्या तासात येतो आणि जातो, पण पुढे खांब नसलेल्या छताला तो वर उचलतो. छत खाली पडण्याची भीती सगळ्यांना असते, प्रत्यक्षात असे छत उडण्याचीच शक्यता अधिक असते. म्हणून पाया आणि छताला पायाशी जखडणारे नांगरबोल्ट उपसणाऱ्या बळासाठी तपासले पाहिजेत, नुसत्या वजनासाठी नव्हे. तात्पुरता उपाय म्हणून हिरवी शेडनेट ताणण्याची कल्पना कोणीतरी मांडेल. ती फक्त त्या दिवसापुरती आणि वारा सुटताच सोडता येईल अशीच असावी. दुसरी गोष्ट हवेची. पश्चिमेची पाठभिंत पूर्ण बंद केली की स्टँडची भट्टी होते. वरचा भाग बंद आणि खालच्या ओळींमागे जाळीचा भाग ठेवला, तर सावलीही राहते आणि वारेही खेळते. कोकण-गोव्यात पावसाळी वारा याच बाजूने येत असल्यामुळे तिथे ही पाठभिंत दुहेरी काम करते, आणि तिथे नुसत्या जाळीऐवजी तिरक्या पट्ट्यांची झडप वापरावी.

आणि काँक्रीट. उन्हाळ्यात दुपारी तापलेली पायरी संध्याकाळपर्यंत उष्णता सोडत राहते. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर सामन्याला जाणारा माणूस पाटाकडील तालमीच्या संघाचा समर्थक असो वा शिवाजी तरुण मंडळाच्या, बुडाखाली घालायला वर्तमानपत्र किंवा पंचा नेतो, ते उगाच नव्हे. पायऱ्यांना पांढरा परावर्तक रंग देणे हा जवळपास नगण्य खर्चाचा उपाय आहे आणि तो छताची वाट न पाहता पुढच्या आठवड्यात करता येतो. रंग खरखरीत असावा, नाहीतर पहिल्या पावसात लोक घसरतील.

आता बाहेर पडणे. हा भाग मी मुद्दाम आकडे घालून लिहितो, कारण ‘चार मोठी फाटके आहेत’ या वाक्यावर मी अनेक बैठका संपलेल्या पाहिल्या आहेत. सपाट वाटेवरून मिनिटाला, दर मीटर रुंदीमागे, ८२ माणसे आणि जिन्यावरून ६६ माणसे जातात, असे ब्रिटनच्या मैदान-सुरक्षा मार्गदर्शिकेत धरतात, आणि सामना संपल्यावर स्टँड आठ मिनिटांत रिकामा व्हावा, अशी अपेक्षा असते. दहा हजारांसाठी याचा अर्थ जिन्यांची एकूण रुंदी सुमारे १९ मीटर आणि फाटकांची सुमारे १५ मीटर. आपली चार फाटके प्रत्येकी ३ मीटरची असली तरी १२ मीटरच होतात. त्यातही प्रत्येक फाटकाचे एकच दार उघडे असेल, जे तिकिटे तपासण्यासाठी नेहमीच तसे ठेवलेले असते, तर सहा मीटर उरतात आणि लोकांना बाहेर पडायला वीस मिनिटे लागतात. हातगाड्या आणि उभ्या केलेल्या दुचाकी बाहेरच्या रस्त्यावर असतील, तर त्याहूनही अधिक. ब्रॅडफर्डच्या मैदानावर ११ मे १९८५ रोजी लाकडी स्टँडला लागलेल्या आगीत ५६ जण गेले, त्यातले कित्येक मागच्या बंद दारांकडे धावले होते. ग्लासगोच्या आयब्रॉक्सवर २ जानेवारी १९७१ रोजी सामना संपल्यावर एका जिन्यात लोक एकमेकांवर पडून चेंगराचेंगरीत ६६ जण दगावले. आपल्या देशाचीही आठवण आहेच, १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात १६ प्रेक्षकांचा मृत्यू झाला.

हे सोयीच्या विषयात का आणता, असे कोणी विचारेल. कारण प्रेक्षकाच्या दृष्टीने ते दोन विषय नाहीत. फाटकात गर्दी होते हे ठाऊक असलेला माणूस ऐंशीव्या मिनिटाला उठून निघतो, म्हाताऱ्या वडिलांना आणत नाही आणि मुलीला तर नाहीच नाही. मैदानाची क्षमताही शेवटी खुर्च्यांवर नाही, तर बाहेर पडण्याच्या वाटांवर ठरते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोचीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये, जिथे आधी साठ हजारांहून अधिक लोक सामना पाहून गेले होते, सुमारे २९ हजारांनाच प्रवेश दिला गेला, आणि कारण सुरक्षित बाहेर पडण्याचे होते. त्याच स्पर्धेसाठी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये आसने बसवली गेली. १९९७ च्या फेडरेशन चषकात एक लाख तीस हजारांहून अधिक लोक ज्या मैदानात दाटीवाटीने बसले होते, तिथे २०१७ चा अंतिम सामना सुमारे ६६ हजारांनी पाहिला. आसने आली की संख्या घटते, हे समितीला आणि विशेषतः तिकिटाच्या हिशेबावर बसलेल्यांना आधीच सांगून ठेवा.

आता खुर्च्या, आणि इथे जरा थांबावे लागेल. आपल्या पायऱ्यांवर लोक कसे बसतात ते आठवा. माणूस पायरीच्या पुढच्या अर्ध्यावर बसतो, पाय खालच्या पायरीवर सोडतो, आणि त्याच्या पाठीमागे उरलेल्या अर्ध्या पायरीवर मागच्याचे पाय येतात. ७५० मिलिमीटर खोलीची पायरी अशी दोघांत वाटलेली असते. त्याच पायरीवर ४५० मिलिमीटर खोल बकेट खुर्ची घट्ट बसवली की मागे ३०० मिलिमीटर उरतात. त्यात मागच्याचे पाय, त्याची पाण्याची बाटली आणि ओळीतून मधल्या जागेवर जाणारा माणूस हे सगळे मावत नाही. ओळीतून जायला किमान ४०० मिलिमीटर मोकळे लागतात. पूर्वी उठून उभे राहिले की वाट होत असे, आता खुर्ची हलत नाही. म्हणून जुन्या पायऱ्यांवर बसवायचीच असेल तर उठल्यावर आपोआप दुमडणारी खुर्ची घ्यावी, जी दुमडल्यावर अडीचशे-तीनशे मिलिमीटरच जागा व्यापते. ती महाग असते आणि तिची स्प्रिंग बिघडते. तेव्हा निम्म्या ठिकाणीच दुमडत्या खुर्च्या आणि उरलेल्या ठिकाणी पाठ नसलेली साधी, पायरीला घट्ट बसवलेली फळी, असा मेळ घातला तरी चालते. फळीवर माणसाला काही त्रास होत नाही, आपल्याकडचा प्रेक्षक तिला सरावलेला आहे.

खुर्ची पायरीच्या सपाट भागावर बोल्ट मारून न बसवता उभ्या दर्शनी भागावर बसवावी, हे मी फार आग्रहाने सांगतो. एका जिल्ह्याच्या क्रीडासंकुलात मी तपासणीला गेलो होतो. तिथे दोन वर्षांपूर्वी बसवलेल्या खुर्च्यांपैकी कित्येक डुलत होत्या. कारण उघड होते : जुन्या पायरीच्या कडेपासून चार बोटांवर छिद्रे पाडली होती, पावसाचे पाणी त्या छिद्रांतून आत जाऊन सळ्या गंजल्या होत्या आणि कडेचे काँक्रीट ढलप्यांनी निघाले होते. शिवाय खुर्चीच्या तळाशी पाणी निघून जायला छिद्रच नव्हते. सप्टेंबरमध्ये पहिल्या सामन्याला लोकांनी खुर्च्या रुमालाने पुसल्या, मग तो नाद सोडून खुर्चीच्या पाठीवर बसले. कागदोपत्री ते काम पूर्ण आणि उत्तम झालेले होते. दर्शनी भागावर बसवलेल्या खुर्चीखालून झाडू फिरतो, पाणी साचत नाही आणि बोल्ट उघडे पडत नाहीत, मात्र त्यासाठी पायरीचे काँक्रीट सशक्त असायला हवे. त्यामुळे काही खरेदी करण्याआधी पायऱ्यांचे काँक्रीट, सळ्यांवरचे आवरण आणि गंज यांची तपासणी एखाद्या स्वतंत्र संरचना अभियंत्याकडून करून घ्यावी. कोणतीही खुर्ची-कंपनी ही तपासणी आपल्यासाठी करणार नाही.

तपासणीत एक गोष्ट मागून घ्या. चांगल्या सामन्यात हलगी सुरू झाली की एक भाग एका ठेक्यावर उड्या मारतो, सेकंदाला साधारण दोन-तीन. वरच्या मजल्याचा किंवा पुढे काढलेल्या भागाचा स्वतःचा कंप याच्या जवळ असेल, तर स्टँड हलताना जाणवतो. चुकून एखादी उडी मारली तर काही होत नाही, ठेका महत्त्वाचा. पायऱ्या भरावावर टेकलेल्या असतील तर ही चिंता नाही, खांबांवर असतील तर आहे. तात्पुरत्या गॅलऱ्यांच्या बाबतीत तर कोणतीही सवलत देऊ नये. मार्च २०२२ मध्ये केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात सेव्हन्स, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या फुटबॉल, सामन्याची तात्पुरती गॅलरी कोसळून बरेच लोक जखमी झाले होते.

उभे राहून ओरडणाऱ्या तरुणांना खाली बसवण्याचा हट्ट मी करणार नाही. प्रत्येक तालमीचे, म्हणजे स्थानिक संघाचे, समर्थक मैदानातल्या ठराविक जागी जमतात आणि उभेच राहतात, त्यांच्यासाठी बसवलेल्या खुर्च्यांवर ते उभे राहतील आणि त्या मोडतील. त्यापेक्षा गोलामागचा एक भाग, जिथून बसून तसेही नीट दिसत नाही, उभे राहणाऱ्यांसाठी ठेवावा आणि दर दोन-तीन ओळींना कमरेएवढा मजबूत आडवा कठडा द्यावा. जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये देशांतर्गत सामन्यांना सुमारे २५ हजार लोक उभे राहतात. इंग्लंडनेही २०२२ पासून कठड्यांसह उभे राहण्याच्या जागांना परवानगी दिली. अट एकच : संख्या मोजून द्यावी आणि त्या भागाला स्वतंत्र फाटक असावे.

स्वच्छतागृहांवर थोडक्यात लिहितो, पण त्याला हलके समजू नये. मध्यंतर पंधरा मिनिटांचे असते आणि सगळा भार त्यात येतो. फिफाच्या मैदान-मार्गदर्शिकेत दर हजार स्त्रियांमागे २८ शौचालये आणि १४ हात धुण्याची ठिकाणे, तर दर हजार पुरुषांमागे ३ शौचालये, १५ मुताऱ्या आणि ६ हात धुण्याची ठिकाणे सुचवलेली आहेत. आपल्या अनेक मैदानांत स्त्रियांसाठी दोन शौचालये असतात आणि त्यातल्या एकाला कुलूप असते. मग ‘आमच्याकडे बायका येतच नाहीत’ असे पदाधिकारी सांगतात. २०२२ मध्ये नवी मुंबईत आशियाई महिला चषकाचे आणि गोवा-नवी मुंबईत सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे सामने झाले, त्यामुळे हे कारण आता टिकणारे नाही. पिण्याचे पाणी प्रत्येक स्टँडखाली असावे, आणि तेही खेळाच्या बाजूला नव्हे, तर येण्या-जाण्याच्या मार्गाबाहेर, नाहीतर नळाशी लागलेली रांग जिना अडवते.

चाकाच्या खुर्चीवरच्या प्रेक्षकांची जागा बहुतेक वेळा मैदानाच्या कडेला, पहिल्या ओळीसमोर दिली जाते. तिथून त्यांना राखीव खेळाडूंची पाठ दिसते. ही जागा स्टँडच्या मध्यावर, पुढची ओळ उभी राहिली तरी नजर जाईल एवढ्या उंच ओट्यावर, सोबत्याच्या आसनासह आणि १ ला १२ पेक्षा तीव्र नसलेल्या उताराने पोहोचता येईल अशी द्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर सार्वजनिक मैदानाला हे ऐच्छिक राहिलेले नाही.

तेव्हा आपल्या निधीचा क्रम मी असा लावेन. आधी संरचना-तपासणी आणि फाटके-जिने. त्याच वर्षी पांढरा रंग, पाणी आणि स्वच्छतागृहे. दुसऱ्या वर्षी पश्चिमेचे अर्धे छत, पाठभिंतीसह. खुर्च्या त्या छताखालीच, आणि तेही पायऱ्या मोजून झाल्यावर. बाकीच्या दोन बाजूंना तूर्त फळ्या पुरेशा आहेत.

पुढचे नेमके सांगायला मला आपल्याकडून तीन मापे हवी आहेत : पहिल्या ओळीचे टचलाइनपासूनचे अंतर, पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या पायरीची उंची व खोली मिलिमीटरमध्ये, आणि सामन्याच्या दिवशी प्रत्यक्षात उघडी असलेली फाटकांची रुंदी. तिसरे माप कार्यालयातल्या नकाशावरून घेऊ नका. एखादा मोठा सामना संपत असताना फाटकाशी टेप घेऊन उभे राहा.